लिव्हरमधली हायडॅटिड गाठ सुईने रिकामी करायची म्हणजे नक्की काय करायचं

सोनोग्राफी भलत्याच कशासाठी तरी केलेली असते, पित्ताशयात खडे आहेत का बघायला किंवा इन्शुरन्सच्या चेकअपमध्ये, आणि रिपोर्टच्या शेवटी एक ओळ येते की लिव्हरच्या उजव्या भागात सात सेंटीमीटरची सिस्ट आहे, हायडॅटिड असू शकते. मग घरात सगळे मोबाइल उघडून बसतात, कुणी म्हणतं जंताची गाठ आहे, कुणी म्हणतं फुटली तर माणूस जागच्या जागी जातो, आणि आठवड्याभरात तीन डॉक्टरांची तीन मतं हातात असतात. एकाने ओपन ऑपरेशन सांगितलंय, दुसऱ्याने दुर्बिणीतून, तिसरा म्हणतो गोळ्या घ्या आणि बघू. मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत, म्हणजे स्क्रीनवर बघत सुई-नळीने ट्रीटमेंट करतात त्या विभागात, टेक्निशियन आहे, सुई घालतात त्या खोलीत मशीनजवळ उभी असते, आणि डॉक्टरांना विचारायला लोक बिचकतात ते प्रश्न बाहेर कॉरिडॉरमध्ये मला विचारतात. तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतेय. डोस आणि निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं हे माहीत असलं की अर्धा गोंधळ कमी होतो.

आणि पहिला प्रश्न "ऑपरेशन की सुई" हा नाहीच. पहिला प्रश्न आहे, गाठीची स्टेज कुठली. ते कळल्याशिवाय बाकीच्या चर्चेला काही अर्थ नाही, तिन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबरही असू शकतात.

ही गाठ येते कुठून, थोडक्यात

कुत्र्याच्या आतड्यात एकायनोकॉकस नावाचा पट्टकृमी राहतो, जेमतेम काही मिलिमीटर लांब. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून मातीत, गवतावर, पाण्यात जातात. मेंढ्या, बकऱ्या, गाई-म्हशी चरताना ती पोटात घेतात आणि त्यांच्या लिव्हरमध्ये, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. जत्रेत बोकड पडला किंवा खाटकाकडे जनावर कापलं की खराब निघालेली कलेजी आणि फुप्फुसं कुत्र्यांपुढे टाकतात, आणि चक्र पुन्हा सुरू. आपण माणसं यात चुकून घुसतो, अंडी हाताला लागून किंवा कच्च्या भाजीवरून तोंडात जातात.

"आमच्याकडे तर कुणी मटण खात नाही" असं मला कितीतरी जण सांगतात, जरा रागानेच. मटण खाऊन हा आजार होतच नाही. नीट न धुतलेल्या कोथिंबिरीने होऊ शकतो, कुत्र्याला खेळवून तसाच हात तोंडाला लावला तर होऊ शकतो. माणसाकडून माणसाला लागत नाही, त्यामुळे पेशंटचं ताट-वाटी वेगळी काढायची काहीही गरज नाही. आणि गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते, म्हणून कुठला कुत्रा, कुठलं गाव हे आता शोधत बसू नका.

साधारण ७० टक्के पेशंटमध्ये गाठ लिव्हरमध्ये असते आणि २० टक्क्यांच्या आसपास फुप्फुसात. म्हणून लिव्हरमध्ये सापडली की छातीचा एक्स-रे पण काढतात, त्याला "उगाच टेस्ट वाढवतायत" म्हणू नका. फुप्फुसातल्या गाठीत सुई घालत नाहीत, तो वेगळा विषय आहे.

स्टेज रिपोर्टमध्ये लिहून घ्या

डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञांच्या गटाने सोनोग्राफीत गाठ कशी दिसते त्यावरून तिच्या पायऱ्या ठरवल्यात. सीई म्हणजे सिस्टिक एकायनोकॉकोसिस, याच आजाराचं इंग्रजी नाव. सीई१ म्हणजे एकच पोकळी, आत स्वच्छ पाणी, भिंतीला दुहेरी रेघ, पेशंटला कूस बदलायला लावली की आत बारीक कण भुरभुरताना दिसतात. सीई२ मध्ये मोठ्या गाठीच्या आत छोट्या छोट्या पिल्लू-गाठी भरलेल्या असतात, फोडलेल्या डाळिंबात दाणे दिसतात तशा. सीई३ए मध्ये आतला पडदा भिंतीपासून सुटून पाण्यात तरंगत असतो. सीई३बी मध्ये गाठ बरीचशी घट्ट झालेली, पण मध्येच काही पिल्लू-गाठी अजून जिवंत. सीई४ पूर्ण घट्ट, पाणी नाही. सीई५ ची भिंत कॅल्शियमने कडक झालेली. याशिवाय सीएल असा एक प्रकार लिहितात, म्हणजे नुसती सिस्ट दिसतेय, हायडॅटिड आहे की साधी ते सांगता येत नाही.

साधी सिस्ट खूप लोकांना असते आणि बहुतेक वेळा तिला काहीही करावं लागत नाही, त्यामुळे रिपोर्टमध्ये "सिस्ट" शब्द वाचून लगेच घाबरू नका. उलट बाजूने, ताप आणि पोटात जोरात दुखून लिव्हरमध्ये पू भरलेला असेल तर तो बऱ्याचदा अमीबाचा किंवा बॅक्टेरियाचा असतो, त्याची ट्रीटमेंट वेगळी. हे तिन्ही प्रकार लोक सर्रास एकात एक मिसळतात आणि शेजाऱ्याच्या मामाला काय केलं त्यावरून आपलं ठरवतात.

आता मुद्द्याचं. सुई ही मुख्यतः सीई१ आणि सीई३ए साठी आहे. दोन्हीत एकच पोकळी असते, आतलं पाणी एका सुईने काढता येतं आणि औषध सगळीकडे पोचतं. सीई२ आणि सीई३बी मध्ये प्रत्येक पिल्लू-गाठीला स्वतःची भिंत असते, एक सुई सगळ्यात कशी जाणार, एक फोडली तरी बाकीच्या तशाच राहतात आणि काही महिन्यांनी गाठ पुन्हा भरते. सीई४ आणि सीई५ मध्ये गाठ निकामी झालेली असते, काही त्रास नसेल तर सुई, ऑपरेशन, गोळ्या यातलं काहीच न करता फक्त मधूनमधून सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात. माझ्या मते सगळ्यात जास्त फुकटची ऑपरेशनं याच दोन स्टेजमध्ये होत असणार, कारण "गाठ आहे पण काही करायचं नाही" हे ऐकून घ्यायला घरचे तयारच नसतात.

साइजचा हिशोब त्यानंतर येतो. सीई१ किंवा सीई३ए पाच सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर नुसत्या अल्बेंडाझोलच्या, म्हणजे जंत मारायच्या गोळ्यांच्या, कोर्सने पण काम होऊ शकतं. पाच ते दहा असेल तर सुई आणि गोळ्या दोन्ही. दहाच्या वर गेली की एकदा सुई घालून भागत नाही, नळी ठेवावी लागते, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

तर रिपोर्टमध्ये स्टेज नसेल तर रेडिओलॉजिस्टना सरळ विचारा, "सर, सीई किती आहे?" बरेच रिपोर्ट नुसतं "हायडॅटिड सिस्ट" म्हणून सोडून देतात. आणि सीटी काढला म्हणजे सोनोग्राफीची गरज संपली असं नाही. भिंतीच्या दोन रेघा, तरंगणारा पडदा, पिल्लू-गाठी हे सोनोग्राफीत जास्त चांगलं दिसतं, एमआरआयमध्येही दिसतं, सीटीत कधीकधी सीई२ ची गाठ एकसंध वाटू शकते. सीटी लागतो तो गाठ नेमकी कुठे आहे, बाजूला कुठल्या रक्तवाहिन्या आहेत, पोटात अजून कुठे आहे का हे बघायला. रक्ताची हायडॅटिड टेस्ट पण करतात, पण ती निगेटिव्ह आली म्हणजे आजार नाही असं होत नाही आणि ट्रीटमेंटनंतरही ती कित्येक वर्षं पॉझिटिव्ह राहू शकते, त्यामुळे त्या एका कागदावर फार विसंबू नका.

अजून एक, आणि हे जरा ठळकपणे सांगते. हायडॅटिडची शंका असताना "सुई टाकून बघू आत काय आहे" असं कुणी छोट्या सेंटरमध्ये सहज म्हणत असेल तर थांबा. तपासणीसाठीची सुई आणि ट्रीटमेंटची सुई यात फरक आहे. दुसरीत अल्बेंडाझोल आधी सुरू केलेलं असतं, भूलतज्ज्ञ बाजूला असतो, रिअ‍ॅक्शन आली तर काय करायचं ते ठरलेलं असतं. पहिलीत यातलं काहीच नसतं.

सुईची पद्धत इतकी उशिरा का आली

जुन्या सर्जन लोकांना विचाराल तर ते म्हणतील हायडॅटिडला सुई लावायची नाही, आम्हाला तसंच शिकवलंय. त्यांचं चुकीचं नाही. आतलं पाणी पोटात सांडलं तर दोन भीती असतात, एक म्हणजे जोरात अ‍ॅलर्जी होऊन बीपी पडणं आणि दुसरी म्हणजे त्या पाण्यातल्या जंतांच्या पिल्लांपासून पोटभर नव्या गाठी होणं. म्हणून अनेक वर्षं पोट उघडूनच करायचे. १९८० च्या दशकाच्या मध्यात ट्युनिशियातल्या डॉक्टरांनी सुई घाला, पाणी ओढा, औषध भरा, पुन्हा ओढा अशी पद्धत बसवली, तिलाच इंग्रजी आद्याक्षरांवरून पेअर म्हणतात.

आपल्याकडचा पुरावा पण दणकट आहे. श्रीनगरला डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांच्या टीमने ५० पेशंटची तुलना केली, अर्ध्यांना सुई आणि अल्बेंडाझोल, अर्ध्यांना ऑपरेशन, आणि १९९७ मध्ये ती न्यू इंग्लंड जर्नल या अमेरिकेतल्या नावाजलेल्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. सुईवाले सरासरी चार दिवसांत घरी गेले, ऑपरेशनवाल्यांना जवळपास तेरा दिवस लागले. छोटीमोठी गुंतागुंत सुईच्या गटात ३२ टक्के आणि ऑपरेशनच्या गटात ८४ टक्के, आणि गाठ आकसण्यात दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. आणि अ‍ॅलर्जीच्या भीतीबद्दल सांगायचं तर २०११ मध्ये एका टीमने जगभरातल्या जवळपास सहा हजार सुयांचा हिशोब एकत्र मांडला, त्यात अ‍ॅलर्जीने दोन मृत्यू होते, आणि आटोक्यात आलेल्या गंभीर रिअ‍ॅक्शन दोन टक्क्यांपेक्षा कमी. म्हणजे धोका आहे, शून्य नाही, पण तयारी असेल तर सांभाळता येतो. तयारी असेल तर, हे महत्त्वाचं.

आधीची तयारी

अल्बेंडाझोल सुईच्या आधीच सुरू होतं. किती आधी ते डॉक्टर ठरवतात, काही जण आठवडाभर आधी देतात, अगदी कमीत कमी म्हणजे चार तास आधी तरी पोटात गेलेलं असावं लागतं. डोस वजनावर असतो, दिवसाला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला बहुधा ४०० मिलिग्रॅम सकाळी आणि ४०० संध्याकाळी. हे शाळेत मुलांना देतात त्या एका जंताच्या गोळीसारखं नाही. लोक मेडिकलमधून एक गोळी घेऊन येतात आणि म्हणतात घेतली की, जंत गेला असेल. एका गोळीने या गाठीला काहीही होत नाही.

गोळी उपाशीपोटी घेऊ नका. हे औषध चरबीबरोबरच नीट शोषलं जातं, नुसत्या पाण्याबरोबर घेतलं तर बरंचसं तसंच बाहेर पडतं. भाकरीवर तूप किंवा लोणी, तेल घालून कालवलेली शेंगदाण्याची चटणी, साय काढलेलं नको तर सायीसकट दूध, अंडं, काहीही चालेल पण जेवणात तेला-तुपाचं हवं. गंमत म्हणजे लिव्हरचा आजार म्हटल्यावर घरचे पेशंटचं तेल-तूप सगळं बंद करून टाकतात आणि वरण-भातावर ठेवतात, नेमकं उलटं. तुम्हाला दुसऱ्या कारणाने तेल-तूप बंद असेल, हार्टचं वगैरे, तर ते डॉक्टरांना विचारूनच.

गोळ्या सुरू करण्याआधी रक्त तपासतात, लिव्हरच्या टेस्ट आणि पांढऱ्या पेशी, आणि नंतरही मधूनमधून तपासत राहतात. कारण काही जणांच्या लिव्हरचे आकडे वाढतात, काहींच्या पांढऱ्या पेशी कमी होतात, केस पण गळतात कधीकधी, बायका त्याने फार धास्तावतात पण गोळी थांबली की केस परत येतात. प्रेग्नंट असाल किंवा शक्यता असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, लाजून गप्प बसू नका, या गोळ्या गरोदरपणात, खास करून पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत. दमा, आधीची कुठली अ‍ॅलर्जी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, हे सगळं पण सांगायचं.

हॉस्पिटल निवडताना मी एकच बघायला सांगेन, की इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी, पोटाचे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि आयसीयू एकाच छताखाली आहेत का. सुईच्या मध्येच काही झालं तर अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घालून दुसरीकडे न्यायला वेळ नसतो. मोठ्या सरकारी मेडिकल कॉलेजांत हे सगळं असतं आणि खर्चही आवाक्यात राहतो, थांबावं लागतं ते खरं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमची नेमकी प्रोसिजर बसते का ते त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला अ‍ॅडमिट व्हायच्या आधी विचारा, नंतर धावपळ होते. आणि डॉक्टरांना "तुम्ही हायडॅटिडमध्ये असं आधी केलंय का" विचारायला अजिबात संकोच करू नका, चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

खोलीत काय होतं

सहाएक तास उपाशी बोलावतात. हाताला सलाइनची सुई लावलेली असते, बोटाला ऑक्सिजनची क्लिप, दंडाला बीपीचा पट्टा, आणि ट्रॉलीवर अ‍ॅड्रेनालिन भरून तयार असतं, जोरात रिअॅक्शन आली तर द्यायला. भूलतज्ज्ञ खोलीत असतो, बाहेर चहाला नाही. बहुतेक मोठ्या माणसांना पूर्ण भूल लागत नाही, कातडी बधिर करायचं इंजेक्शन आणि थोडी गुंगी, पेशंट आमच्याशी बोलत असतो. कधीकधी जरा जास्तच, एक काका पूर्ण वेळ कांद्याच्या भावावर बोलत होते.

डॉक्टर सोनोग्राफीच्या स्क्रीनवर बघत बरगड्यांच्या मधून सुई घालतात. इथे एक खुबी आहे. सुई गाठीत थेट नाही, आधी थोड्या चांगल्या लिव्हरमधून नेऊन मग गाठीत घालतात, म्हणजे सुई काढल्यावर ते भोक लिव्हरच दाबून धरतं आणि पाणी पोटात गळत नाही. म्हणून गाठ लिव्हरच्या अगदी वरच्या पृष्ठभागाला, वर लिव्हरचा थरच नाही अशी असेल तर डॉक्टर सुईला नाही म्हणतात. ते आडमुठेपणा करत नसतात.

मग पहिलं पाणी ओढतात. जिवंत हायडॅटिडचं पाणी एकदम नितळ असतं, बघून विश्वास बसत नाही की हे लिव्हरमधून आलंय. थोडं पाणी लगेच मायक्रोस्कोपखाली जातं, जंतांची पिल्लं दिसली की निदान पक्कं. आणि त्याचवेळी लघवी तपासायची जी पट्टी असते तीच त्या पाण्यात बुडवून बघतात, पित्त आहे का. हे पाच पैशाचं काम वाटतं पण पुढचं सगळं त्यावर ठरतं. गाठ आतून पित्तनळीला फुटलेली असेल तर पाण्यात पित्त येतं, आणि अशा गाठीत जंत मारायचं औषध भरलं तर ते पित्तनळ्यांत जाऊन त्या कायमच्या खराब करू शकतं, आकसून जातात. पट्टी स्वच्छ आली तरी बरेच डॉक्टर गाठीत डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडून एक्स-रेच्या पडद्यावर बघतात की डाय कुठे नळीत जातोय का. पित्त दिसलं तर औषध भरायचं नाही, नळी ठेवून बाहेर येतात आणि पुढचा मार्ग बदलतो. हा निर्णय बाहेर येऊन सांगितला की घरच्यांना वाटतं काहीतरी बिघडवलं. नाही हो, वाचवलं.

सगळं नीट असेल तर पाणी काढून झाल्यावर, काढलेल्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश इतकं जंत मारणारं द्रावण भरतात, २० टक्के मिठाचं पाणी किंवा ९५ टक्के अल्कोहोल. दहा-पंधरा मिनिटं ते आत ठेवायचं. या वेळात खोलीत सगळे घड्याळ आणि मॉनिटर बघत असतात, पेशंटला खाज, अंगावर गांधी, घसा आवळल्यासारखं, चक्कर असं काहीही वाटलं तर त्याने लगेच बोलायचं असतं, "थोडं सहन करतो" हा शहाणपणा इथे नको. घरच्यांनी हे पेशंटला आधीच बजावून आत पाठवा. वेळ झाली की द्रावण परत ओढून घेतात, पडद्यावर आतला पडदा भिंतीपासून सुटून आलेला दिसतो, ते बघून आम्ही खूश होतो, सुई बाहेर आणि छोटी पट्टी. टाकेही नाहीत.

त्यानंतर वॉर्डात नजरेखाली ठेवतात, बहुतेक दुसऱ्या दिवसापर्यंत, कधी एखादा दिवस जास्त. पहिल्या रात्री थोडा ताप, खांद्यात किंवा कुशीत दुखणं, अंगावर थोडं पित्त उठणं हे होतं. मिठाचं पाणी जास्त प्रमाणात वापरलं असेल तर रक्तातलं सोडियम पण बघतात.

सुई जमत नसेल तर

दहा सेंटीमीटरच्या वरच्या एकपोकळी गाठीत तीच पद्धत, फक्त शेवटी एक बारीक नळी ठेवून ती पिशवीला जोडतात आणि रोजचं पाणी मोजतात. पाणी अगदी कमी झालं की नळी काढतात. पिशवी कमरेला लावून पेशंट फिरू शकतो, पण घरी नेल्यास ती ओढली जाणार नाही हे बघा, झोपेत कूस बदलताना नळ्या निघतात. सीई२, सीई३बी साठी जाड नळी घालून आतले पडदे आणि पिल्लू-गाठी धुऊन ओढून काढायची पद्धत पण आहे, तुर्कस्तानात अंकाराच्या डॉक्टरांनी तिच्यावर बरंच काम केलंय, मात्र हे करणारे हात कमी आहेत, म्हणून आपल्याकडे या दोन स्टेजना बहुतेक सर्जरीच सांगतात.

सर्जरी म्हणजे लगेच मोठा चिरा असं नाही. दुर्बिणीतून तीन-चार छोट्या भोकांमधून होते. गाठीभोवती मिठाच्या पाण्यात भिजवलेले गॉज ठेवतात, आधी गाठ रिकामी करतात, औषध सोडतात, मग तिचं छत कापून पडदा पिशवीत घालून बाहेर काढतात आणि राहिलेल्या खड्ड्यात पोटातलाच चरबीचा पदर भरतात. सगळी काळजी सांडू नये याचीच असते. कोइंबतूरचे डॉ. सी. पलानीवेलू यांनी यासाठी खास ट्रोकार, म्हणजे भोकातून पोटात घालायची नळी, बनवलाय, तो गाठीवर टेकवून ठेवला की गळणारं पाणी सक्शनने तिथल्या तिथेच ओढलं जातं. गाठ लिव्हरच्या पाठीमागे, खोलवर किंवा मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून असेल तर दुर्बीण पोचत नाही, मग ओपन करावं लागतं, आणि कधीकधी दुर्बिणीने सुरू करून मध्येच ओपन करतात. सहीच्या आधी याबद्दल विचारून ठेवा म्हणजे नंतर भांडण होत नाही. ऑपरेशननंतर ठेवलेल्या ड्रेनच्या नळीतून हिरवट-पिवळं पित्त येत राहणं हा यातला नेहमीचा वैताग, बऱ्याचदा आपोआप थांबतं, नाही थांबलं तर ईआरसीपी करतात.

ईआरसीपी म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीच्या तोंडापर्यंत जायचं. डोळे पिवळे, थंडी वाजून ताप आणि उजव्या कुशीत दुखणं हे तिन्ही एकत्र आलं तर गाठ पित्तनळीत फुटून पडदे अडकलेले असू शकतात, ईआरसीपीतून ते ओढून काढतात आणि गरज पडली तर स्टेंट, म्हणजे पित्तनळी उघडी ठेवणारी छोटी नळी, घालतात. अशा वेळी काविळीचा पाला देणाऱ्याकडे जाऊ नका प्लीज, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. तसंच कुठलीही हायडॅटिड गाठ असलेल्या माणसाला पोटाला मार लागला, अचानक पोट दुखून अंगावर गांधी उठल्या किंवा चक्कर आली तर सरळ इमर्जन्सी, आणि तिथे पोचल्या पोचल्या सांगायचं की लिव्हरमध्ये हायडॅटिड आहे.

घरी आल्यावर, जिथे लोक ढेपाळतात

सुईनंतर गोळ्या किमान एक महिना चालू, काहींना जास्त, ऑपरेशननंतरही तसंच. दुखत नाही, पट्टी निघाली, मग गोळ्या कशाला असा हिशोब करून मध्येच सोडणारे खूप. सुईने गाठ रिकामी केली, गोळ्या राहिलेल्यांना आणि चुकून सांडलेल्यांना मारतायत, दोन्ही मिळून एक ट्रीटमेंट आहे. पूर्वी २८ दिवस गोळ्या आणि १४ दिवस सुट्टी असं द्यायचे, आता बहुतेक तज्ज्ञ सलग द्यायला सांगतात, तुमच्या कागदावर जे लिहिलंय ते पाळा आणि शंका असेल तर विचारा, स्वतःहून सुट्टी घेऊ नका.

पुढच्या सोनोग्राफीत परत "सिस्ट दिसते" असं लिहून आलं की घरात रडारड होते. गाठ सुईने गायब होत नाही. आधी पडदा सुटतो, मग पाणी कमी होतं, मग आतला भाग घट्ट होत जातो आणि कित्येक महिने, कधी वर्षं, तिथे एक छोटा घट्ट गोळा दिसत राहतो. तो सीई४ सारखा दिसायला लागणं ही चांगली बातमी आहे. काळजी कधी करायची, तर पाणी पुन्हा वाढलं, साइज वाढली किंवा आत नवीन पिल्लू-गाठी दिसल्या तर. म्हणून दरवेळी जुने रिपोर्ट आणि सीडी बरोबर न्या, शक्य असेल तर त्याच सेंटरला करा, तुलना करायला काही नसेल तर रेडिओलॉजिस्ट तरी काय सांगणार. पहिल्या वर्षात काही महिन्यांच्या अंतराने आणि मग वर्षातून एकदा, निदान पाच वर्षं, खरं तर दहा वर्षं बघत राहावं, कारण इतक्या उशिरापण गाठ परत आल्याच्या केसेस आहेत. दिवाळीनंतरचा एखादा आठवडा ठरवून टाका, दरवर्षी तेव्हाच.

घरातल्या बाकीच्यांची एकेक सोनोग्राफी करून घ्या, एकमेकांकडून लागतं म्हणून नाही तर सगळ्यांचं अंगण, कुत्रं आणि भाजी एकच होती म्हणून. कुत्रं पाळलेलं असेल तर त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन प्राझिक्वांटेलची गोळी सुरू करा, किती आठवड्यांनी द्यायची ते तेच सांगतील, आणि त्याची विष्ठा उघड्या हाताने उचलू नका. मेंढ्या-बकऱ्या असतील तर कापल्यावर निघालेली खराब कलेजी, फुप्फुसं कुत्र्यापुढे न टाकता खोल पुरा किंवा जाळा, आणि जत्रेत पंगतीच्या मागे कुत्री जमतात तिथे हे कोण बघणार ते आधीच कुणावर तरी सोपवा.